करडई गेली कुठं?

आज कृषी पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

या झग्यात तुम्हाला उकडतंय हे दिसतंय, म्हणून आटोपतं घेतो.

सकाळी मला पोहे मिळाले. छान होते. कांदा जवळपासचाच असेल, मिरचीही. पण तेल बहुधा पामचं, म्हणजे समुद्र ओलांडून आलेलं. माझं आयुष्य तेलबियांत गेलं, त्यामुळं ताटापुढं बसलो की हा हिशेब आपोआप सुरू होतो.

माझ्या लहानपणी मराठवाड्यात रब्बीच्या ज्वारीच्या कडेनं करडई असायचीच. काट्यांमुळं गुरं आत शिरत नसत, म्हणजे कुंपणाचं कुंपण आणि पिकाचं पीक. मूळ खोल जातं, काळ्या रानातल्या ओलीवर पीक निघतं, विहिरीच्या पाण्याची वाट पाहत नाही. कोवळी असताना पानांची भाजी, पुढं बी घाण्यावर, तेल घरात आणि पेंड बैलांना. काढणी मात्र पहाटेची. दवानं काटे जरा नरम पडतात. आम्ही हाताला फडकी गुंडाळायचो, तरी संध्याकाळी आई सुई घेऊन बसायचीच!

ही करडई रानातून गेली. जमिनीला नकोशी झाली म्हणून नाही. काट्यात हात घालायला मजूर मिळेना, गावचा घाणा बंद पडला, आणि दोन-चार पोती माल घेणारा व्यापारी उरला नाही. हरभऱ्याला गिऱ्हाईक होतं, रान त्याच्याकडं गेलं. केंद्र सरकार करडईचा हमीभाव दरवर्षी जाहीर करतं, पण खरेदीचा काटाच लागणार नसेल तर तो आकडा कागदावर राहतो.

देशाचीही गत फार वेगळी नाही. १९८६मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झालो होतो. सात-आठ वर्षांत! मग आयात खुली झाली, स्वस्त पामतेल आलं, आणि आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल अडलं. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली. ती बंदी महिनाभरही टिकली नाही, पण तेवढ्यात आपल्या बाजारात धाकधूक झालीच. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्लेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. परक्या धान्याची वाट बघणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

म्हणून ‘स्थानिक खा’ असं शहरात जाऊन सांगणं मला अपुरं वाटतं. ग्राहकाच्या भावनेवर शेती टिकत नाही, भावावर टिकते. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं, मे २०२५मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं. महागाईचं कारण असेलही. पण २०२४च्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना आपले शेतकरी त्याहून खाली माल घालत होते. तेल महागलं की आपण लगेच हलतो, तेलबी पडली की आपल्याला सवड नसते. हे मी सरकारबरोबर स्वतःलाही म्हणतो आहे.

आता काढणीला यंत्र आलंय, काट्यांचा प्रश्न बराच सुटलाय. मावा सोडला तर हे पीक फारसं रडवतही नाही. चांगले वाण आहेत, ‘परभणी कुसुम’ तर इथलाच. तरीही पेरा वाढत नाही. याचं उत्तर मला बरीच वर्षं कळलं नव्हतं, त्याची एक आठवण सांगतो.

नोकरीत नवा होतो. एका शेतकरी मेळाव्यात करडईवर जोरात भाषण ठोकलं. शेवटी मागच्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, “साहेब, पेरतो की. पण विकू कुठं?”

मी त्यांना पुन्हा वाणाचं नाव सांगितलं, हेक्टरी उत्पादन सांगितलं.

काका मान डोलावून हसले आणि जाताना हरभऱ्याचं बियाणं घेऊन गेले.