जमीन शहराची, हँगर आपलें



घर भाड्याचें असावें कीं स्वतःचें, हा प्रश्न शहरांतील प्रत्येक कुटुंबाला केव्हां ना केव्हां पडतोच. अमेरिकेंत हाच प्रश्न पुष्कळांना आपल्या विमानाच्या बाबतींत पडतो. तेथील कित्येक लहान विमानतळ नगरपालिकांच्या मालकीचे आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठीं बांधलेले अनेक तळ १९४४ च्या कायद्यान्वयें पुढें त्यांना मिळाले. अशा तळांवर खाजगी विमानें ठेवण्यासाठीं ज्या पत्र्याच्या इमारती असतात, त्या म्हणजे हँगर.

उघड्यावर राहिलेल्या विमानाचा रंग उन्हानें उडतो, गारांनीं पत्र्याला खळगे पडतात, दमट हवेनें धातु झिजतो. म्हणून छपराची गरज. साध्या चार आसनी विमानाचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें ३६ फूट. शेपटी मात्र अरुंद. यास्तव हँगरचे गाळे रोमन लिपींतील टी या अक्षराच्या आकाराचे करतात, आणि एकाच्या खांचेंत दुसऱ्याची शेपटी येईल अशा बेतानें त्यांची रांग बांधतात.

असा गाळा महिन्याच्या भाड्यानें घेतां येतो. दुरुस्तीची काळजी बहुधा मालकाची. परंतु पुष्कळ ठिकाणीं गाळ्यासाठीं यादींत नांव घालून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. मग माणूस म्हणतो, आपणच बांधूं. खरी मेख येथेंच आहे. विमानतळाची जमीन शहर सहसा विकत नाहीं, भाडेपट्ट्यानें देतें. जमीन शहराची, इमारत आपली, आणि भुईभाडें निराळें. पुष्कळ पट्ट्यांत असेंहि कलम असतें कीं, वीस-तीस वर्षांची मुदत सरतांच इमारत मोबदल्यावांचून शहराची व्हावी. ज्यानें बांधलें त्यानेंच मग आपल्या हँगरचें भाडें भरावयाचें! अशा पट्ट्याचीं पांचच वर्षें उरलीं असतां तें विकावयास काढलें, तर गिऱ्हाईक किंमत ती काय देणार?

शहराची बाजूहि ऐकली पाहिजे. केंद्र सरकारचें अनुदान घेतलेल्या विमानतळाचें उत्पन्न विमानतळावरच खर्चावें लागतें, आणि त्यानें शक्य तितकें स्वतःच्या पायांवर उभें राहावें अशी अट असते. परत आलेलीं हँगरें हें उत्पन्नाचें एक साधन. शिवाय हँगर विमानासाठीं आहे, अडगळीसाठीं नव्हे. २०१६ च्या सरकारी धोरणानें हें स्पष्ट केलें. विमानाच्या आड न येणाऱ्या किरकोळ सामानास मात्र मुभा दिली.

पण पायाखालची जमीनच गेली तर? ३० मार्च २००३ च्या रात्रीं शिकागोच्या महापौरांच्या हुकुमानें मेग्ज फील्डच्या धावपट्टीवर बुलडोझर फिरले. तेथें अडकलेल्या विमानांना बाजूच्या अरुंद मार्गावरून उड्डाण करून जावें लागलें. शहराला ३३,००० डॉलर दंड झाला. धावपट्टी परत आली नाहीं. सँटा मोनिका शहरानें तर २०१७ च्या समझोत्यान्वयें २०२८ च्या अखेरीनंतर आपला विमानतळ बंद करण्याचा हक्क मिळविला आहे.

म्हणून शहाणा विमानमालक हँगरचा पत्रा वाजवून पाहण्याआधीं पट्टा वाचतो. मुदत किती उरली, ती वाढेल काय, हक्क दुसऱ्यास देतां येईल काय, आणि अखेरीस इमारत कोणाची? या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर नसतील, तर भाड्याचा गाळाच बरा. परक्या जमिनीवर घर बांधणाऱ्यानें भिंतींइतकाच कागदहि भक्कम करून घ्यावा, हा धडा विमान नसलेल्या आपल्यासारख्यांसहि उपयोगी पडण्याजोगा आहे.