शाल मिळाली, उताऱ्यावर नाव कधी?

हर्सूलहून बोलतेय.

31 मे ही अहिल्यादेवींची जयंती. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचं देऊळ त्यांनीच पुन्हा बांधून काढलं. त्यांच्या नावाने प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन बायांचा सन्मान करायचं शासनाने 2023 साली ठरवलं. सन्मानपत्र, शाल-श्रीफळ अन् रोख पाचशे रुपये. पाचशेला हसू नका. जिला गाव ‘अमक्याची बायको’ म्हणूनच ओळखतं, तिचं नाव माईकवरून पुकारलं जातं, हे लहान नाही.

पण आमच्या ओळखीच्या एका ताईंचं सांगते. गावाने सत्कार केला, शाल पेटीत गेली. पुढे पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढायला गेल्या, तर घराचा उतारा मागितला. त्यावर नाव एकट्या मालकांचं. घरावरचे पत्रे ताईंनी गटाच्या कर्जातून टाकलेले, हप्ते त्यांनीच फेडलेले, आणि कागदावर ताई कुठेच नाहीत!

गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावाने लावावं, हा शासनाचा निर्णय 2003 सालचा आहे. तेव्हा ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा. नाव नसेल तर दोघांच्या सहीचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या, अन् पोच घ्याच. सातबाऱ्याचं काम ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे असतं, ते पुढच्या वेळी बोलू.

घरचे नाही म्हणाले तर? लगेच भांडू नका. हप्त्याचं पासबुक समोर ठेवा. ताईंनी तेच केलं. मालक दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी सही केली. अर्ज आता पंचायतीत आहे.