चित्राच्या पाठीमागची नोंद



 

इतिहासाचार्य राजवाड्यांपासून आपल्याकडे कागदाची कदर आहे. वाड्याच्या माळ्यावर मोडीचा रुमाल सापडला, तर तो फेकायचा नसतो, हे आज खेड्यातल्या माणसालाही ठाऊक आहे. छायाचित्रांना आणि रेखाटनांना मात्र हे भाग्य लाभलेले नाही. सनद आपण पुरावा म्हणून वाचतो आणि फोटो पुस्तक सजवण्यापुरता वापरतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात उतरले. म्हणजे ही कला आपल्याकडे इतकी जुनी आहे. तरीही तिचे दफ्तर आपण लावलेले नाही.

अजिंठ्याचा दाखला देतो, कारण चित्र जपण्यातले सगळे धडे त्या एका डोंगरात आहेत. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले गेले. त्याने वर्षानुवर्षे तिथे राहून मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनला गेले, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले आणि १८६६च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा त्याच भिंतींपुढे बसले. १८८५ पर्यंत ते काम चालले. त्याही नकला लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यातल्या अनेक गेल्या. ज्या तरुण भारतीय चित्रकारांनी त्या अंधाऱ्या लेण्यांत डोळे शिणवले, त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? मला हा प्रश्न फार बोचतो.

तरीही सगळे गेले नाही. गिलने कॅमेराही चालवला होता. त्याची ७४ छायाचित्रे १८६४ मध्ये वास्तु-इतिहासकार फर्ग्युसनच्या पुस्तकात छापली गेली. एकेक पुस्तक वेगळ्या कपाटात होते, म्हणून ती टिकली. ग्रिफिथ्सने उरलेल्या साहित्यावरून १८९६-९७ मध्ये दोन खंड काढले. पुढे हैदराबाद संस्थानाच्या काळात पुरातत्त्वज्ञ गुलाम यझदानी यांनी छायाचित्रांसह चार खंडांचे काम हाती घेतले. पहिला खंड १९३०चा आणि शेवटचा १९५५चा. मूळ भिंतीवरचा रंग तेव्हापासून किती उडाला, हे आज आपण या खंडांवरून ताडून पाहतो. मोलाची वस्तू एकाच सुरक्षित इमारतीत ठेवली की काम झाले, असे मानणाऱ्यांनी ही दोन अग्निकांडे लक्षात ठेवावीत.

आगीखेरीज सत्तेचाही धोका असतो. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद पायी हिंडला आणि मरणाऱ्या माणसांची नावे-गावे विचारून त्यांची रेखाटने केली. त्या रेखाटनांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक मुंबईतून प्रसिद्ध झाले. सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून ते पुढे पुन्हा छापता आले. मला त्या पुस्तकाचे मोल आणखी एका कारणाने वाटते. चित्तप्रसादने केवळ उपासमारीचा देह काढला नाही, तो कुणाचा आहे हेही लिहिले.

आता उलट बाजू पाहा. छायाचित्रकार फेलिचे बेआतोने १८५८ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेचे छायाचित्र घेतले. अंगणात हाडे विखुरलेली दिसतात. पण १८५७च्या उठावातली तिथली कत्तल त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली होती आणि छायाचित्रासाठी ती हाडे उकरून मांडली गेली, असे समकालीनांनी लिहून ठेवले आहे. ही नोंद नसती, तर आपण ते चित्र जसेच्या तसे सत्य म्हणून मुलांना शिकवले असते. नोंद नसेल तर काय हरवते, तेही पाहा. दिल्लीच्या अल्काझी संग्रहात के. एल. नर्सी या नावाचा एक अल्बम आहे. १९३०-३१च्या मुंबईतल्या सविनय कायदेभंगाची २००हून अधिक छायाचित्रे त्यात आहेत. निशाण घेतलेल्या, मीठ उकळणाऱ्या, पोलिसांपुढे उभ्या राहिलेल्या शेकडो स्त्रिया त्यात दिसतात. चेहरे स्पष्ट आहेत, पण बहुतेकींची नावे नाहीत. आज त्यांना ओळखणारे कुणी हयात असण्याची शक्यता जवळजवळ संपली आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, चित्र जपायचे तर त्याच्याबरोबर कोण, कुठे, केव्हा, कुणी काढले हेही जपले पाहिजे आणि दोन्हींच्या प्रती निदान तीन ठिकाणी असल्या पाहिजेत. मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या फोटोंना आपण जतन समजू नये. तिथे चित्र हजार जणांकडे पोचते आणि पहिल्याच फेरीत त्याची ओळख गळून पडते.

आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतला जुना फोटो स्टुडिओ डोळ्यांपुढे आणा. लग्ने, शाळेचे वर्ग, गिरणीचे कामगार, दुष्काळी कामे, सत्याग्रही, तमाशाचे फड हे सगळे तिथल्या काचेवर आणि फिल्मवर आहे. दुकान बंद पडले की वारस निगेटिव्हच्या पेट्या भंगारात घालतात. त्या वाचवल्या, तर काचेच्या निगेटिव्ह एकीवर एक रचू नयेत, कडेवर उभ्या ठेवाव्यात. प्रत्येकीला कागदाचे वेगळे पाकीट हवे. फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, तर ती लगेच बाकीच्यांपासून दूर करावी आणि तिची प्रत आधी काढावी. फोटोच्या मागे लिहायचे ते मऊ पेन्सिलने, बॉलपेनने कधीही नाही. चिकटपट्टीच्या अल्बममध्ये फोटो लावू नयेत. याला फार पैसा लागत नाही.

वृद्धांकडून ओळख पटवून घेण्याचे काम मात्र उद्यावर टाकता येणार नाही. आपापल्या गावच्या ऐंशीपुढच्या माणसांसमोर हे फोटो ठेवा आणि ते बोलतील ते टिपून घ्या. दोघांनी दोन नावे सांगितली, तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह.

अभिलेखपाल, संशोधक आणि छायाचित्रकारांच्या या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवत आहे. पुढच्या अधिवेशनापर्यंत प्रत्येक जिल्ह्याच्या प्रतिनिधीने आपल्या भागातल्या चालू आणि बंद स्टुडिओंची यादी करावी, त्यांचा संग्रह कुणाकडे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे लिहावे. मूळ वस्तू मालकाकडेच राहील, आपण फक्त प्रत आणि नोंद घेऊ, हे वाक्य मी ठरावात आग्रहाने घातले आहे. वारसांच्या दारात उभे राहाल, तेव्हा सर्वांत आधी तेच सांगा.