धारोष्ण दूध, लांबलेला ताप आणि राहून जाणारा एक प्रश्न

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे आज औषधांचे डोस सांगणार नाही. पण आमच्या कामात एक गोष्ट पक्की कळते: सुरुवातीची एक माहिती द्यायची राहिली, की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. आजचा विषय तसाच आहे. लहान मुलांच्या मेंदूपर्यंत पोचणारा ब्रुसेलोसिस.

हा जनावरांकडून माणसाला होणारा आजार. पशुपालकांना तो ‘सांसर्गिक गर्भपात’ या नावाने ऐकून माहीत असतो. गाय किंवा म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते, जार अडकतो. शेळ्या-मेंढ्यांनाही तो होतो. जिवाणू जारातून आणि दुधातून बाहेर पडतात. दूध मात्र दिसायला, चवीला अगदी नेहमीसारखं. गोठ्यातलं धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून पोराच्या हातात दिलं जातं, ते इथे महागात पडू शकतं.

मग काही आठवड्यांनी ताप येतो, जातो, पुन्हा येतो. घाम, सांधेदुखी, कधी मूल लंगडतं. बहुतेक मुलं योग्य औषधांनी बरी होतात. थोड्या जणांत मात्र जिवाणू मज्जासंस्थेत शिरतो. त्याला म्हणतात न्यूरोब्रुसेलोसिस. डोकेदुखी, उलट्या, चिडचिड, झटके, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं. कानाची नसही सापडू शकते. आता लहान मूल काही ‘मला कमी ऐकू येतंय’ असं सांगत नाही. ते फक्त हाक मारली की वळत नाही. उपचाराला उशीर झाला, तर गेलेलं ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं.

खरी गोम पुढे आहे. पाठीतून पाणी काढून तपासलं, की लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, प्रोटीन जास्त, साखर बरेचदा कमी. क्षयाच्या मेंदूज्वरातही हेच चित्र असतं! आपल्याकडे क्षय भरपूर, म्हणून डॉक्टरांना आधी त्याची शंका येते, आणि ती योग्यच आहे. पण क्षयावरचं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही काम करतं. म्हणजे निदान चुकलेलं असूनही मुलाला थोडं बरं वाटू शकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर दिसेनासा झाला, बग तिथेच आहे. न्यूरोब्रुसेलोसिसला दोन-तीन औषधं एकत्र, काही महिने द्यावी लागतात. ८ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन सहसा टाळतात, त्यामुळे औषधांची जोडीही वेगळी ठरते.

रोज बंगालसारखी रक्ताची चाचणी आहे, पण ती कुणाला सुचली तरच होते. कल्चर करायचं तर लॅबला आधी कल्पना द्यावी लागते. जिवाणू सावकाश वाढतो, आणि हाताळणाऱ्यालाही लागण होऊ शकते.

याचा इतिहासही बोलका आहे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टात हा जिवाणू शोधला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लिस झमित यांना तो तिथल्या शेळ्यांमध्ये सापडला. वरून ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्या, दारोदार नेऊन समोर काढलेलं ताजं दूध! सैनिकांचं ते दूध बंद केल्यावर त्यांच्यातले रुग्ण झपाट्याने घटले.

माणसासाठी आजही लस नाही. जनावरांसाठी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ती एकदाच टोचतात. तुमच्या गोठ्यात टोचली का, विचारून घ्या.

तर मंडळी, लक्षात ठेवायचं एवढंच. दूध उकळूनच प्यायचं, शेळीचंसुद्धा. गाभडलेल्या जनावराच्या जाराजवळ पोरांना फिरकू द्यायचं नाही. आणि मुलाचा ताप लांबला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आपणहून सांगा: ‘घरी जनावरं आहेत, गेल्या काही महिन्यांत एक गाभडलं, पोरगं कच्चं दूध प्यायलंय.’ हे सांगायला दहा सेकंदं लागतात, आणि तपासणीची दिशा बदलू शकते.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!