सूर्याशी भांडण नाही, पण जमिनीचं आधी बोला

(पांढरकवड्याजवळच्या वनहक्क मेळाव्यात आम्ही केलेलं भाषण. ज्या गावांना, पोडांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. ग्रामसभेत एकाने मोठ्याने वाचावं.)



बाया-माणसांनो, आज बाकीच्या विषयांवर बोलणारे बरेच आहेत. आम्हाला सांगितलं की तुम्ही ते 'हवामान बदला'चं बोला. आम्ही म्हटलं, बोलतो, पण आम्हाला जेवढं समजलं तेवढंच.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पोडावर एक गाडी आली. आवाजच नाही. कुत्रीसुद्धा उशिरा भुंकली. बॅटरीवर चालणारी गाडी. आतून दोन साहेब उतरले, हातात कागद. म्हणाले, तुमच्या जंगलातली झाडं हवेतला कार्बन शोषतात, त्याचे पैसे तुम्हाला मिळवून देतो, तीस वर्षांचा करार करा. आम्ही म्हटलं, बसा, पाणी प्या. कागद पाहिला तर इंग्रजीत. मराठीत द्या म्हटलं, कोलामीत समजावून सांगा म्हटलं. ते म्हणाले पुढच्या वेळी. तेवढ्यात लाईट गेली. जाताना साहेब विचारतात, इथे गाडी चार्ज कुठे होईल? सगळं पोड हसलं. शेवटी अंगणवाडीच्या भिंतीवरच्या सॉकेटला वायर लावली आणि लाईट येण्याची वाट पाहत साहेब रात्री उशिरापर्यंत आमच्याच खाटेवर बसले. बिचाऱ्यांना भाकर-चटणी दिली. माणूस म्हणून वाईट नव्हते.

पण त्या रात्री एका म्हाताऱ्या बाईने त्यांना विचारलं, "तीस वर्सं झाडाले हात लावाचा नाही म्हंता. मंग बांबू कोन आनन? सूप-टोपले आमी कायचे कराचे?" साहेब कागद उलटसुलट करत राहिले. कागदात टोपल्याचं काही लिहिलेलं नव्हतं.

आता हे समजून घ्या. हवा तापली आहे हे खोटं नाही. आम्ही ते नाकारत नाही. मोहाचा बहर पुढेमागे होतो, पाऊस पेरणी झाली की दडी मारतो आणि कापूस फुटला की झोडपतो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. धूर कमी झाला पाहिजे, हेही खरं. आमचा संशय दुसऱ्या गोष्टीवर आहे. धूर करणारा एक, त्याची भरपाई म्हणून जमीन देणारा दुसरा. आणि तो दुसरा नेहमी आपणच कसे निघतो?

ती बिनआवाजाची गाडी घ्या. तिच्यात डिझेल नाही, मान्य. पण चार्ज कशावर झाली? आपल्या देशात तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळपास तीन युनिटं अजून कोळशाची आहेत. आणि कोळसा कुठला, हे वणी, मारेगाव, झरी-जामणीच्या लोकांना विचारा. उकणी, निलजई, घोन्सा. वर्धा नदीच्या अलीकडे आपण, पलीकडे चंद्रपूरचं औष्णिक केंद्र, 2920 मेगावॉटचं. कोळशाचे हायवा रस्त्याने जातात आणि कडेच्या शेतातला पांढरा कापूस काळा पडतो, मग व्यापारी भाव पाडतो. शहरातली हवा त्या गाडीने थोडी साफ होत असेल. धूर कुठे गेला? तो इकडे सरकला. एकीकडे सांगतात कोळशाचे दिवस संपत आले, 2070 पर्यंत देशाचा धूर शून्यावर आणू. दुसरीकडे 2024-25 या एका वर्षात देशात शंभर कोटी टनांवर कोळसा काढला आणि त्याचा आनंदही साजरा केला. दोन्ही एकाच सरकारचं बोलणं आहे.

बॅटरीचंही तसंच. तिच्यात कोबाल्ट लागतो, तो निम्म्याहून जास्त आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथे लहान पोरंसुद्धा खाणीत उतरतात. लिथियम लागतं, ते चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून, उन्हात सुकवून काढतात. तिथलेही मूळनिवासी लोक म्हणतात, आमचं पाणी चाललं. आपण त्यांना कधी पाहिलं नाही, पण बोलणं ओळखीचं वाटतं की नाही?

सवलती कोणाला मिळाल्या तेही पाहा. विजेवरच्या गाडीला जीएसटी 5 टक्के. राज्याच्या 2025 च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोल माफ. चांगलं आहे, धूर कमी होवो. पण आपल्या पोरी शाळेसाठी ज्या एस.टी.ची वाट पाहतात, ती फेरी बंद झाली तर त्याला कोणतं धोरण आहे? धूर कमी करायची सगळ्यात स्वस्त गाडी तीच, पन्नास माणसं एका इंजिनावर. आणि खरं म्हणाल तर आपण पायीच जातो. आपल्या चालण्याचं क्रेडिट अजून कोणी मागायला आलं नाही!

आता सौर ऊर्जेवर येतो, कारण ती आपल्या दारात आली आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीच्या फिडरला दिवसा सौर वीज द्यायची. हे आपल्याला हवं आहे, स्पष्ट सांगतो. रात्री ओलिताला जाणं काय असतं ते राळेगाव आणि पांढरकवडा पट्ट्याने भोगलं आहे. 2018 च्या नोव्हेंबरात टी-1 वाघिणीला गोळी घातली, त्याआधी तेरा माणसं गेल्याचं वनखात्यानेच मोजलं होतं. आजही रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला निघालेल्या माणसाच्या घरी कोणी झोपत नाही. तेव्हा दिवसा वीज द्या, आम्ही हात जोडून घेऊ.

पण वीज तयार करायला जमीन लागते. एका मेगावॉटला चार-पाच एकर. खाजगी शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प होईल तिला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं. ऐकायला बरं आहे. आता विचारा, भाडं कोणाला? ज्याचा सातबारा त्याला. जो पिढ्यान्‌पिढ्या गायरान वाहतो, ज्याचं नाव कशावरच नाही, त्याला काय? सरकारी पड जमीन, गायरान, अशा ठिकाणी भाडं सरकार सरकारलाच देतं. ढोरं कुठे चारायची, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात बसत नाही. पाच लाखांचा चेक पंचायतीला मिळेल आणि चारा गेलेला राहील पोडाचा. पंचायत म्हणजे ग्रामसभा नव्हे, हे आपण किती वर्षं सांगतो आहोत!

आणि जमीन गेली की काय होतं, त्याचं एक उदाहरण विसरू नका. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यात विखरण गाव आहे. तिथले धर्मा पाटील, वय 84. आदिवासी नव्हते, बागायतदार शेतकरी. पाच एकर, आंब्याची झाडं. जमीन सौर प्रकल्पासाठी घेतली, मोबदला ठरला चार लाखांच्या आसपास. शेजाऱ्यांना कितीतरी पट जास्त मिळाले. म्हातारा कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिला. 22 जानेवारी 2018 ला मंत्रालयात जाऊन विष घेतलं, 28 ला गेला. सातबारा हातात असलेल्या माणसाची ही गत. आपल्याकडे तर दावा दाखल केल्याची पोच, तीही पावसात भिजलेली.

पवनचक्क्यांची गोष्टही अशीच. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या जंगलाला लागून डोंगरावर पवनचक्क्या झाल्या. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात त्याबद्दल लिहिलं आहे. डोंगरावरच्या लोकांचे वनहक्क दिलेच नव्हते, तरी वनजमीन वळवली, आणि ज्या जंगलात ते पिढ्यान्‌पिढ्या जात होते तिथे जायला त्यांना अडवलं. वारा कोणाच्या मालकीचा नसतो म्हणतात. पण वाऱ्याकडे जायच्या रस्त्यावर फाटक बसलं.

मग आपण सौर ऊर्जेच्या विरोधात आहोत का? नाही. आपल्या वनहक्क कायद्यात, 2006 च्या, कलम 3(2) उघडून पाहा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तळं, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. त्या तेरात अपारंपरिक ऊर्जाही आहे! म्हणजे सौर ऊर्जा आपण मागितली तर आपल्या जंगलातही होते. अटी तीन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं पडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस. कायदा करणाऱ्यांना तेव्हा समजलं होतं की पोडाला लागणारी वीज केवढी आणि ती कोणाला विचारून आणायची. आमचं म्हणणं त्याहून वेगळं काही नाही. गावाच्या पंपाला, गिरणीला, शाळेला पुरेल एवढा सौर संच गाव मागेल, गाव सांभाळेल. शेकडो एकरांचा प्रकल्प आणि तारेचं कुंपण ही वेगळी गोष्ट आहे, तिला त्याच पिशवीत घालू नका.

पण वारं उलटं वाहतं आहे. 2009 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं परिपत्रक आलं होतं की वनजमीन वळवण्याआधी वनहक्क पूर्ण करा, ग्रामसभेची संमती आणा. जून 2022 च्या नवीन नियमांनी ते काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर ढकललं. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानेच त्यावर आक्षेप घेतला होता. मग 2023 मध्ये वन संवर्धन कायदाच बदलला. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'ग्रीन क्रेडिट'चे नियम आले. पैसे भरा, वनखात्याने 'निकृष्ट' ठरवलेल्या जमिनीवर झाडं लावून घ्या, क्रेडिट मिळवा.

निकृष्ट म्हणजे काय हो? जिथे दाट साग नाही ती. तिथे आपली ढोरं चरतात. तिथे मोह उभा आहे, चारोळी आहे, तेंदूचे झुडपे आहेत, पावसाळ्यात भाजी निघते. आपल्या वहितीची पड तीच. खात्याच्या डोळ्याला ती रिकामी दिसते. रोपवन लावण्याचा पैसा तर रग्गड आहे. जंगल तोडल्याच्या भरपाईचे 47 हजार कोटींच्या वर रुपये केंद्राने 2019 च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात राज्यांना दिले. कुठेतरी खाणीसाठी खरं जंगल गेलं, त्याच्या बदल्यात आपल्या दाव्याच्या जमिनीवर खड्डे पडायचे आणि सागाची रोपं लागायची, आणि वर नाव 'हरित'. आम्हाला हिरव्या रंगाचं वावडं नाही. आम्ही त्यातच राहतो.

कार्बनच्या कराराबद्दल एवढंच सांगतो. ज्या कारखान्याचं क्रेडिट तुमच्या झाडावर लिहिलं जाईल, त्याचा धूर बंद होणार नाही, फक्त वहीत तो पुसला जाईल. आणि करारात 'झाड तोडू नये' हे वाक्य असेल तर बांबू, बल्ल्या, सरपण यांचं काय, हे त्याच पानावर लिहून मागा. बांबू हे वनहक्क कायद्याने गौण वनोपज आहे, त्याची मालकी आपली. कलम 3(1)(झ) आणि कलम 5 प्रमाणे जंगल राखण्याचा हक्कही ग्रामसभेचा. तो अध्यक्षाच्या एका सहीने तीस वर्षं गहाण पडू शकत नाही. पैसे मिळत असतील तर घ्यायला आम्ही नाही म्हणत नाही, गरीब माणसाला पैसा कडू लागत नाही. पण किती, कोणाला, कधी, आणि करार मोडायचा झाला तर कसा, हे मराठीत वाचून दाखवल्याशिवाय कोणी अंगठा लावू नये.

ते साहेब मराठी कागद घेऊन अजून आलेले नाहीत. येतील. त्याआधी आपापल्या ग्रामसभेत या गोष्टी करून ठेवा. सामूहिक वनहक्काचा दावा कुठे अडकला आहे ते उपविभागीय समितीला लेखी विचारा आणि पोच घ्या. 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या वहितीचे पुरावे, मोहाच्या झाडांच्या जागा, चराईच्या वाटा, देवस्थानं, सगळं एका नकाशावर काढा. पोरांना बसवा, त्यांना मोबाईलवर येतं. गायरानाचा सर्वे नंबर तलाठ्याकडून काढून घ्या, आणि त्यावर सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आहे का ते विचारा. पेसाच्या गावांनी, म्हणजे केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणीकडच्या ज्या गावांना तो लागू आहे त्यांनी, ठराव पोडाच्या ग्रामसभेचा करावा, पंचायतीचा नाही. ठरावात पहिलं वाक्य हे लिहा की गावासाठी सौर वीज आम्हाला हवी आहे. दुसरं वाक्य, जागा आम्ही दाखवू.

ठरावाचा मसुदा मागच्या पानावर आहे. शाई कुठे फिकी उमटली असेल, तर शेजारच्या गावाचा अंक पाहून भरून घ्या.

जोहार!