एक संच आणि उघडे दार
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



‘आमच्या वेळचे दूरदर्शन’ या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम हसू आले. जी वस्तू आज प्रत्येकाच्या खिशात येऊन बसली आहे, तिच्याविषयी भाषण ते काय करावयाचे? परंतु समोर बसलेल्या तरुण मंडळींकडे पाहून ध्यानात आले की, ज्या काळी सबंध चाळीत एकच संच आणि त्या संचावर एकच वाहिनी होती, तो काळ यांना ऐकूनच ठाऊक व्हावयाचा.

आपल्या देशात दूरदर्शनचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबईकरांस मात्र तेरा वर्षे थांबावे लागले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढील वर्षी आमच्या गिरगावातील चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील एका बिऱ्हाडी, लाकडी सरकत्या दाराचा संच आला. ते बिऱ्हाड आपल्या ज्ञातीचे नव्हे, हे आम्ही या व्यासपीठावरून मुद्दाम नमूद करतो. त्या घराने कोणास ज्ञाती विचारली नाही. शनिवारी मराठी चित्रपट असे, रविवारी हिंदी. दिवेलागण होताच त्यांचे दार सताड उघडे राही. मुले पुढे सतरंजीवर, बायका भिंतीशी, पुरुष गॅलरीत उभे. चित्र हलू लागले की कोणी तरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी आणि मजल्यामजल्यावरून ‘आले! आले! गेले!’ असा पुकारा होई. ‘व्यत्यय’ ही पाटी झळकली, तरी कोणी उठत नसे.

निवडीस वावच नसल्यामुळे जे लागेल ते आम्ही पाहिले. डब्यातल्या तुळशीपलीकडे आमची शेती नव्हती. तरी ‘आमची माती, आमची माणसं’ पाहून चाळीतील कारकून मंडळी पिकांवरील रोगांची चर्चा करीत. ‘गजरा’ पाहून सारे एकदम हसत. स्मिता पाटील चित्रपटांत नावारूपास येण्यापूर्वी आम्हांस बातम्या सांगत असत. ‘साप्ताहिकी’ लागली की आमच्या मातोश्री पुढल्या आठवड्याचे कार्यक्रम कागदावर टिपून घेत.

येथवरच्या आठवणी गोड आहेत. पुढली आठवण सांगण्यास जड जाते. पण ती टाळली तर हे भाषण अर्धेच राहील.

१९८० साली आमच्या घरी स्वतःचा संच आला. वडिलांनी पहिल्याच आठवड्यात नियम घातला : मुलांच्या अभ्यासाची मोड होते, तेव्हा कार्यक्रमाच्या वेळी दारास कडी. एका शनिवारी चित्रपट ऐन रंगात असताना दारावर हलकेच थाप पडली. एकदाच. आम्ही सर्वांनी ती ऐकली. चाळीतील मुले असतील, असे समजून कोणी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी नळावर मातोश्रींस कळले की, दुसऱ्या मजल्यावरील संच बिघडला होता आणि तेथल्या आजी, जिना उतरून, आमच्याकडे आल्या होत्या. मातोश्री ओशाळल्या. आजीच म्हणाल्या, “अगं, ऐकू गेलं नसेल तुम्हांला.”

ऐकू आले होते. सात वर्षे ज्यांच्या सतरंजीवर आम्ही बसलो, त्यांना आम्ही कडी लावून परत पाठविले. मातोश्रींनी बोलावूनही आजी पुन्हा आमच्याकडे चित्रपटास आल्या नाहीत.

पुढे १९८२ साली रंगीत चित्र आले, १९८५ साली मुंबईस दुसरी वाहिनी मिळाली, १९९२ साली खासगी वाहिनी आली आणि मग मोजदादच राहिली नाही. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा कित्येक खेड्यांत एकाच संचापुढे गाव जमत असे. आमच्या चाळीत मात्र तोवर घरोघरी संच होते आणि घरोघरी दारे बंद होती. वाहिन्या वाढल्या म्हणून माणसे दुरावली, असे आपण वडीलधारे वारंवार म्हणतो आणि नातवंडांच्या हातातील मोबाईलला दूषणे देतो. आमचा अनुभव निराळा आहे. आमच्या दारास कडी लागली तेव्हा वाहिनी एकच होती. कडी यंत्राने लावली नव्हती; ती आम्ही लावली.

म्हणून, सभासदहो, एक नम्र सूचना करून आम्ही आपली रजा घेतो. आपल्या या सभागृहात महिन्यातून एका शनिवारी एखादा जुना मराठी चित्रपट दाखवावा. सतरंज्या आपल्याकडे आहेतच. आपल्या ज्ञातीचे तर यावेतच. पण या गल्लीतील ज्याला यावेसे वाटेल त्यानेही यावे, नाव-गाव न विचारता. आणि त्या संध्याकाळी, वृद्ध मंडळींस थाप मारावी लागू नये एवढ्यासाठी, दार उघडे ठेवण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे द्यावे.