घोडा राहिला, राजा उतरला



गेल्या महिन्यात फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले. तेवढ्यात अध्यक्षताईंची मुलगी वही घेऊन आली. ती संभाजीनगरला कॉलेजात शिकते. तिला प्रकल्पाचा विषय मिळाला होता : इंग्रजांच्या काळात उभारलेल्या पुतळ्यांचं आणि स्तंभांचं आज काय करायचं?

एक मावशी पटकन म्हणाल्या, "अगं, पुतळा काय सोयाबीनला भाव देणार आहे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मला २०१८ चा जानेवारी आठवला.

पुण्याजवळच्या कोरेगाव भीमाचा स्तंभ तुम्हाला ठाऊक आहे. १ जानेवारी १८१८ ला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, नंतर कंपनी सरकारनं तो उभारला. स्वतःचा विजय मिरवायला. पण त्यावर मेलेल्या साध्या शिपायांची नावंही कोरली. त्यांत महार शिपाई होते. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ज्यांना पाण्याला शिवू देत नव्हते, त्यांना त्या दगडावर आपल्या पूर्वजांचं शौर्य दिसलं. आज दर १ जानेवारीला लाखो लोक तिथं मानवंदना द्यायला जातात. दुसऱ्या काहींना तिथं फक्त इंग्रजांचा विजय दिसतो. दगड एकच, वाचणारे वेगळे.

२०१८ साली तिथं हिंसाचार झाला आणि झळ आपल्या शहरापर्यंत आली. त्या आठवड्यात आमची बैठक झाली नाही. पुढच्या वेळी जमलो, तेव्हा एका सतरंजीवर बसणाऱ्या दोघी दोन टोकांना बसल्या. हप्त्याशिवाय कुणी काही बोललं नाही. म्हणून सांगते, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

माझं बी.ए. इतिहासात झालंय. मी त्या पोरीला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली मुंबईची. तिथं एका चौकात इंग्लंडच्या राजपुत्राचा घोड्यावरचा पुतळा होता. पुढं तो सातवा एडवर्ड राजा झाला. लोकांनी मात्र त्या जागेला राजाचं नाव दिलंच नाही. 'काळा घोडा' म्हणाले! १९६५ साली तो पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. त्या बागेला आता वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे. म्हणजे राजा जिजाऊंच्या बागेत राहायला गेला. चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. १९९९ पासून तिथं कलामहोत्सव भरतो, चित्रकला शिकणारी मुलं आपली कामं मांडतात. आणि २०१७ साली तिथं नवा काळा घोडा बसवला. पाठीवर कुणीच नाही!

दुसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनची. तिथल्या विद्यापीठात सेसिल ऱ्होड्सचा पुतळा होता. हा खाणमालक आणि सत्ताधारी, काळ्या लोकांच्या जमिनी हडपणाऱ्या राजवटीचा मोठा माणूस. २०१५ साली विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि ९ एप्रिलला क्रेन आली. त्या दिवशी सेथेंबिले म्सेझाने नावाची कलाशाखेची विद्यार्थिनी स्वतःच चौथऱ्यावर चढली. हातांना पक्ष्याचे पंख बांधले आणि तासन् तास उन्हात उभी राहिली. पुतळा उचलला गेला तेव्हा तिनं पंख उचलले. काळ्या बाईचं स्मारक कुठंच दिसत नाही, हे तिला दाखवायचं होतं. म्हणून ती स्वतःच स्मारक झाली.

पोरगी म्हणाली, "आपल्या गावात इंग्रजांचा दगडच नाही की."

खरंय. पण पाझर तलावाच्या बांधावर कोनशिला आहे. १९७२ च्या दुष्काळातलं काम. तिच्यावर पुढाऱ्याचं नाव आहे, पाट्या वाहिलेल्या एकाही बाईचं नाही. इंग्रजांनी निदान शिपायांची नावं तरी कोरली होती!

मग चार पोरी घरोघर फिरल्या. म्हाताऱ्यांजवळ बसल्या. एका आजींना सगळं गाव लेकाच्या नावानंच ओळखतं, अमक्याची आई म्हणून. पोरीनं विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?" आजी थोडा वेळ गप्पच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ठकुबाई. लिही."

पोरींनी जुनं पांढरं लुगडं घेतलं, गेरूनं त्यावर नावं लिहिली आणि बांधावर बांधलं. कोनशिलेला कुणी हात लावला नाही. सगळ्या वस्त्यांतली नावं एका लुगड्यावर आली. त्या सतरंजीवरच्या दोघी बघायला आल्या, तर त्यांच्या सासवांची नावं एकाखाली एक! दोघी सासवा एकाच टोळीत होत्या, एकीनं पाटी भरायची, दुसरीनं उचलायची. सुनांना हे माहीतच नव्हतं. परवाच्या बैठकीत दोघी जवळ बसल्या. मोठं काही बोलल्या नाहीत. पण बसल्या.

मैत्रिणींनो, आपल्या पोरांच्या हातात दगड द्यायला माणसं कमी नाहीत. गेरू आणि वही आपल्यालाच द्यावी लागेल. पुढच्या बैठकीत हप्ते लिहून झाले, की मुलांना जवळ बसवा. गावात जो दगड, जी पाटी, जो चौथरा असेल, त्याबद्दल त्यांना तीन गोष्टी शोधायला सांगा. हा कुणी उभा केला? कशासाठी केला? आणि यावर कुणाचं नाव राहून गेलं?

उत्तर घेऊन मुलं आली, की आम्हाला जरूर कळवा.